बारापात्रे काकाजींचं फाटक

आमच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत कधी हिरवा गमछा लटकत असतो, कधी लाल. नवीन भाडेकरूंना वाटतं, वर कुणाला तरी आंघोळीचा फार नाद आहे. मग त्यांना समजावून सांगावं लागतं, आणि हे काम बहुतेक वेळा माझ्याच गळ्यात पडतं. हिरवा असला तर खुशाल वर जा. चहा मिळेल, कॅरम मिळेल आणि मालगाड्यांच्या गोष्टी मिळतील, त्या तर न मागता मिळतील. लाल असला तर जिन्याकडे फिरकू नका. फाटक बंद आहे.

फाटक कुणाचं? बारापात्रे काकाजींच्या मेंदूचं.

काकाजी रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. उभी नोकरी त्यांनी गाडीच्या सगळ्यात शेवटच्या डब्यात, एकट्याने, मागे पळणारे रूळ बघत काढली. बोलायला कुणी नाही. त्यामुळे साठलेलं सगळं बोलणं त्यांनी रिटायर झाल्यावर नागपुरात, मनीषनगरला आणून उतरवलं. झेंड्या रेल्वेकडे जमा झाल्या, सवय मात्र घरी आली. मग त्यांना पार्किन्सन झाला. उजवा हात थरथरायला लागला, चालता चालता पाय फरशीला चिकटायला लागले आणि डॉक्टरांनी एक गोळी सुरू केली. दुसरा माणूस घोटभर पाण्याबरोबर गोळी घेऊन गप्प बसला असता. काकाजींनी गोळीचं टाइमटेबल बसवलं, सिग्नल लावले आणि अख्ख्या बिल्डिंगला ड्यूटीवर घेतलं.

"हे पाह्य सुषमा," त्यांनी मला पहिल्यांदा हे समजावलं तेव्हा माझ्या हातात दुधाची पिशवी होती आणि ती गळत होती, पण काकाजी एकदा सुटले की मधलं स्टेशन घेत नाहीत. "गोळी कुठी काम करते? मेंदूत. मेंदूत जायले रस्ते किती? एक. मंधात फाटक. आता समज, म्या वरण खाल्लं. वरणात काय राहते? प्रोटीन. पोटात त्याचा चुरा होते, अन् तो चुरा त्याच फाटकावर येऊन उभा राहते. माही गोळी बिचारी स्कूटर घेऊन मांगं उभी. समोर सगळे तुरीचे ट्रक. आता तूच सांग, गोळी ड्यूटीवर कवा पोचन?"

मनीषनगरच्या माणसाला यापुढे काही सांगावं लागत नाही. पूल व्हायच्या आधी आम्ही सगळ्यांनी रेल्वे फाटकावर स्कूटर बंद कर, चालू कर, पुन्हा बंद कर, असे दिवस काढले आहेत. माझी एक मैत्रीण स्वतःच्याच साखरपुड्याला त्या फाटकामुळे उशिरा पोचली आणि नवऱ्याकडचे लोक तोवर जेवून बसले होते.

तरी मला वाटलं, काकाजी काहीतरी फेकत असतील. एकदा मीच त्यांना ऑटोने डॉक्टरांकडे घेऊन गेले, कारण निर्मला काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, सांगितलं की जाता-येता हे सगळं ऐकण्याची आज त्यांच्यात ताकद नाही. मी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, हो, गोळी आणि प्रोटीनचे तुकडे एकाच वाटेने आत जातात, आणि गर्दी झाली की गोळी मागे राहते. सगळ्यांना एवढं जाणवत नाही, पण यांना जाणवतं. प्रोटीन बंद करू नका, फक्त गोळीच्या वेळेपासून लांब ठेवा, डाळबिळ रात्री खा. आणि मग डॉक्टरांनी एक चूक केली. ते म्हणाले, "बारापात्रेजी, फाटकाचं उदाहरण फार छान आहे, मी इतर पेशंटना सांगत जाईन." त्या दिवसापासून काकाजी स्वतःला त्या दवाखान्याच्या स्टाफमधले समजतात.

त्याच भेटीत त्यांनी डॉक्टरांना आजाराचं मूळही विचारून घेतलं. घरी येईपर्यंत त्यांनी त्याचा स्वयंपाक करून टाकला होता.

"मेंदूत एक प्रोटीन राहते. ते मोकळं मोकळं राहाले पाह्यजे. माह्या मेंदूत त्याच्या गुठळ्या होऊन राहिल्या. पिठल्यात गाठी होतात, तश्या."

"माह्या पिठल्यात कवा गाठ झाली नाही," काकू आतून म्हणाल्या. "यायच्या डोक्यात झाली, त्याले मी काय करू?"

गोळीने या गाठी फुटतात का, असंही त्यांनी डॉक्टरांना माझ्यासमोर विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, नाही. मेंदूत जे कमी पडतं ते ही गोळी भरून काढते. गाठींवरचं औषध शोधणं चालू आहे, अजून हातात आलेलं नाही. काकाजी गंभीर झाले. "म्हणजे ही गोळी गाडी चालवते, पण रूळ दुरुस्त नाही करत," असं म्हणून त्यांनी डॉक्टरांकडे अशा नजरेने पाहिलं की जणू रूळ डॉक्टरांच्याच अखत्यारीत येतात.

तेव्हापासून कुणाच्याही घरी रात्री पिठलं असलं की काकाजी चमच्याने ते खालपर्यंत ढवळून बघतात. गाठ सापडली की ती बाजूला काढून ठेवतात आणि तिच्याकडे बघत उरलेलं जेवण करतात. घरची बाई कानकोंडी होते. पण त्यांच्या मनात टीका नसते, ती गाठ त्यांना ओळखीची वाटते एवढंच.

डाळीची चौकशी हा मात्र रोजचाच छळ आहे. सकाळी जिन्यापाशी "काय शिजून राहिलं?" असं विचारतात ते भुकेपोटी नाही. कुकरच्या वासावरून तूर की मूग हे ते सांगतात आणि सहसा चुकत नाहीत. एकदा आम्ही त्यांना माझ्या माहेरी, रामटेकला, जेवायला नेलं. दिवसाचं जेवण. माझी आई वाढायला उभी. काकाजींनी वरण नको म्हणून ताटावर हात धरला. माझ्या आईने आयुष्यात "नको" हा शब्द कधी मनावर घेतलेला नाही. तिने हातावरच वाढलं. गरम वरण बोटांमधून भातात उतरलं आणि काकाजी शांतपणे म्हणाले, "माय, तुम्ही माह्या फाटकावर मालगाडीचा पुरा रॅक आणून उभा केला." आई त्यांना दोन वर्षं वेडे समजत होती. अजूनही समजते, पण प्रेमाने.

एवढा बडबड्या माणूस, पण एका बाबतीत त्यांचं दार घट्ट बंद होतं. फाटक बंद असताना ते कसे दिसतात हे काकूंशिवाय कुणी पाहिलेलं नव्हतं. एकदा मी लाल गमछा न बघता त्यांची वाटी परत करायला वर गेले. काकूंनी दार हातभर उघडलं. आतून काकाजींचा आवाज आला, पण तो नेहमीचा नव्हता, बारीक होता, खालच्या पट्टीतला. "सुषमाले म्हणा, लाल हाये." मी वाटी काकूंच्या हातात दिली आणि खाली आले. ते मला फार लागलं. पुन्हा मी कधी गमछा बघितल्याशिवाय जिना चढले नाही.

आता कॅरमचं सांगते. मी पाच भावांत वाढलेली, त्यामुळे मला दोन गोष्टी येतात, झाडावर चढणं आणि कॅरम. मनीषनगरमध्ये झाडावर चढायची सोय राहिली नाही. आमच्या ह्यांना स्ट्रायकर हातात दिला तर ते त्यावर चहाचा कप ठेवतील. म्हणून मी काकाजींची जोडीदारीण झाले. हिरवा गमछा असताना काकाजींचा हात बघण्यासारखा असतो. तोच हात, जो सकाळी शर्टाचं बटण लावू शकत नाही, तो कोपऱ्यातली सोंगटी अशी अलगद भोकात सोडतो की आवाजसुद्धा होत नाही. गोळी ड्यूटीवर असते तेवढा वेळ.

दर सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की खाली पार्किंगमध्ये कॅरमच्या मॅचेस होतात. ट्रॉफीवर बॅट घेतलेला क्रिकेटपटू आहे, कारण दुकानदाराकडे कॅरमवाली नव्हती आणि आमच्या सेक्रेटरींना थांबायला वेळ नव्हता. ही ट्रॉफी दरवर्षी धोटे काकाजी घेऊन जातात, जोडीदार कुणीही असो. फायनल दरवर्षी आमच्यात आणि त्यांच्यातच होते, आणि दरवर्षी आम्ही हरतो.

धोटे काकाजी तळमजल्यावर राहतात. मूळचे सावनेरचे, कापसाचे व्यापारी. उंच, वाकलेले, कमी बोलणारे. सोंगटीला नेम धरतात तेव्हा कापूस हातात घेऊन धागा तपासत असल्यासारखे दिसतात. बारापात्रे काकाजी दिवसभरात जेवढं बोलतात तेवढं धोटे काकाजी दसऱ्यापासून दसऱ्यापर्यंत बोलत नसतील. त्यांच्या वाटचं बोलणं त्यांची बायको, शकुंतला काकू, करायच्या. आणि सव्वीस जानेवारीला पाटोडीसुद्धा त्याच करायच्या. बेसनाच्या वड्या, वर झणझणीत रस्सा. सगळ्या बिल्डिंगला. नवरा जिंको की हरो, पातेलं बाहेर यायचं. पण नवरा जिंकायचाच. बारापात्रे काकाजींचा त्या पाटोडीवर इतका जीव होता की हरल्याचं दुःख त्यांना दुसऱ्या वाटीपर्यंतच टिकवता यायचं. मॅच संपेपर्यंत ते तिला हात लावत नसत, हे सांगायला नकोच.

मागच्या श्रावणात शकुंतला काकू गेल्या. फार आजारी नव्हत्या. धोटे काकाजी आधीच कमी बोलणारे, आता फक्त मान हलवायला लागले. मुलगी लांब दिल्या घरी. त्यांना डबा येऊ लागला आणि तो बऱ्याचदा संध्याकाळपर्यंत दाराच्या कडीलाच लटकलेला दिसायचा. डिसेंबरात त्यांनी सांगून टाकलं की यंदा खेळणार नाही. तेव्हा बारापात्रे काकाजी हिरव्या वेळात खाली उतरले आणि त्यांच्या दारात उभे राहिले.

"धोटे, तू नाही खेळला तर मले हरवन कोण?"

धोटे काकाजींनी दाराच्या कडीला लटकलेला डबा काढून हातात घेतला. "हो," म्हणाले. एवढंच.

पण यंदा आमच्या काकाजींना हरायचं नव्हतं. हे मला त्यांनी डिसेंबर संपता संपता सांगितलं. बोर्डावर पावडर टाकत होते. गोळी आता पहिल्यासारखी टिकत नव्हती. हिरवा गमछा बाहेर यायला वेळ लावायचा आणि लवकर आत जायचा. डॉक्टर वेळा बदलून बघत होते.

"सुषमा, यंदा जिंकलो तर जिंकलो," ते म्हणाले. "येत्या सालले हा हात माह्या ऐकण्यात राहीन का नाही, कोणी सांगावं. एक डाव मले त्याच्याकडून ती ट्रॉफी घ्याची हाये. मंग तो क्रिकेटवाला असो नाहीतर कुस्तीवाला."

यात त्यांनी एकही स्टेशन, एकही मालगाडी आणली नाही. मी नुसती पावडर टाकत राहिले. इतकी टाकली की त्या दिवशी सोंगट्या थांबायचं नावच घेत नव्हत्या.

मग आम्ही महिनाभर सराव केला. ह्यांनी स्वयंपाकघरात बेसनाचा डबा वरच्या फळीवर ठेवला, का ते त्यांनाच माहीत. काकूंनी सकाळी स्वतःपुरतं वरण लावणंही बंद केलं. शेजारच्या सगळ्यांना सूचना गेल्या की सव्वीस तारखेला काकाजींना कुणी आग्रह करायचा नाही. रामटेकला आईलासुद्धा फोन करून सांगितलं की येऊ नकोस.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं. चौकातून तर्री-पोहे आले. तर्री म्हणजे हरभऱ्याचा लालभडक रस्सा, आणि नागपूरच्या माणसाला त्याशिवाय पोहे म्हणजे नुसता नाश्ता. काकाजींनी कोरडे पोहे खाल्ले. शेजारच्या प्लेटींतल्या हरभऱ्यांकडे ते पोलिसासारखे बघत होते, एखादा उडून त्यांच्या प्लेटीत येईल म्हणून. मग घड्याळ बघून गोळी घेतली. तिसऱ्या मजल्यावर काकूंनी हिरवा गमछा लावला. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून त्या गॅलरीत खुर्ची टाकून वरूनच मॅच बघणार होत्या. बघता बघता काकाजींचा हात शांत झाला. त्यांनी तो माझ्यासमोर धरला.

"लाईन क्लिअर," म्हणाले.

आणि तेवढ्यात धोटे काकाजी आपल्या घरातून बाहेर आले. हातात एक स्टीलचा डबा. ते थेट आमच्याकडे आले, डबा बोर्डाच्या कडेला ठेवला आणि झाकण काढलं. पाटोडी.

माझं डोकं फिरलं. सगळ्या बिल्डिंगला माहीत, शेंबड्या पोरांना माहीत की या माणसाने गोळीवर प्रोटीन खाल्लं की काय होतं. फायनलच्या अर्धा तास आधी बेसन. मला वाटलं, कमी बोलणारी माणसं अशीच असतात, सगळं आत शिजवतात. मी तोंड उघडणार होते.

"मी केली," धोटे काकाजी म्हणाले. "सकाळी उठून. तिच्या अंदाजानं केली. ती दरसाल देत होती, म्हटलं खाडा नको." एका दमात एवढं बोलायची त्यांना सवय नव्हती. "तुले डाळ चालत नाही, मले याद हाये. म्हणून डाळीचं काही नाही केलं. बेसनाची हाये. गिरणीवाल्याले विचारलं म्या. तो म्हणे, दळलं की हलकं होते, त्यात काही राहत नाही."

सत्तरी उलटलेला, आयुष्यभर व्यापार केलेला माणूस, पूर्ण विश्वासाने सांगत होता की हरभऱ्याची डाळ गिरणीत गेली की तिचं प्रोटीन गिरणीवाल्याकडे राहतं. त्यांच्या शर्टाच्या बाहीला बेसन लागलेलं होतं. एका बोटाला भाजल्याचा फोड होता.

मी काकाजींना डोळ्यांनी खुणावलं. नको. नंतर खा म्हणावं. घरी नेतो म्हणावं. बहाण्यांची काय कमतरता आहे. काकाजींनी माझ्याकडे बघितलं, मग डब्याकडे, मग वर गॅलरीतल्या हिरव्या गमछ्याकडे. मग त्यांनी तोच शांत हात डब्यात घातला.

एक वडी खाल्ली. मग दुसरी. धोटे काकाजी उभेच होते. काकाजींनी वाटी मागून घेतली, रस्सा ओतून घेतला, तोही प्यायले. मी "काकाजी" एवढंच म्हटलं तर बोर्डाखालून त्यांचा पाय माझ्या पायावर पडला आणि तिथेच राहिला.

"शकुंतलाबाईच्या हाताची याद आली गा," ते म्हणाले.

धोटे काकाजींनी मान हलवली. डब्याचं झाकण लावताना त्यांना ते दोन-तीनदा लावावं लागलं.

मॅच सुरू झाली. पहिला बोर्ड आम्ही घेतला. दुसरासुद्धा. मला वाटलं, गिरणीवाला कदाचित बरोबर असेल. तिसऱ्या बोर्डाला काकाजींचा स्ट्रायकर पहिल्यांदा वाकडा गेला. ते हसले. मग त्यांचा अंगठा हलायला लागला, मग मनगट. त्यांनी डाव्या हाताने उजवा हात धरून नेम घेतला. सोंगटी जागची हलली नाही. आमच्या काकाजींना असं कुणी कधी पाहिलेलं नव्हतं. तोंडावरचं सगळं हसू उतरलं होतं, चेहरा एका जागी थांबून राहिला होता, आणि हात मात्र थांबत नव्हता.

मी वर बघितलं. काकू खुर्चीतून उठल्या होत्या. त्यांनी हिरवा गमछा काढला आणि लाल लावला. खाली उभ्या असलेल्या सगळ्यांनी माना वर केल्या. काकाजींनीसुद्धा. लाल लागल्यावर दार लावून घेणारा हा माणूस, सगळ्या बिल्डिंगसमोर बसून राहिला आणि उरलेली मॅच खेळला. उठला नाही. आपली पाळी आली की स्ट्रायकर ठेवायचा, ठेवताना तो दोनदा पडायचा, तो उचलायचा, मारायचा. राणी आमच्या वाट्याला एकदाही आली नाही. आम्ही हरलो. चांगलेच हरलो.

क्रिकेटपटू पुन्हा तळमजल्यावर गेला.

मला रात्रभर राग आला. दुसऱ्या दिवशी हिरवा गमछा दिसताच मी वर गेले. काकाजी गॅलरीत संत्रं सोलत बसले होते.

"काहून खाल्ली?" मी विचारलं. त्यांच्याशी भांडताना माझीही भाषा रामटेकची होते.

"बस न."

"नाही बसत. महिनाभर सकाळी घरात वरण शिजू नाही दिलं तुम्ही. मले म्हटलं, यंदा जिंकाचं हाये. अन् ऐन टायमाले वाटीभर रस्सा पिऊन बसले. एवढी का चांगली झाली होती?"

"चांगली?" काकाजी म्हणाले. "घशाखाली जाऊन नव्हती राहिली. मीठ दोन खेप पडलं होतं. अन् गाठी. माह्या डोक्यात नसतीन तेवढ्या गाठी होत्या तिच्यात." त्यांनी मला अर्धं संत्रं दिलं. "तुले एक सांगतो. मालगाडी हाये, तिले कोणी विचारत नाही. मेल आली की हिले बाजूच्या लाईनले टाकते. कवा कवा दिवसभर. मी शेवटच्या डब्यात. जेवणाचा टाइम झाला की निर्मलानं दिलेला डबा घ्याचा अन् पुरी गाडी चालत इंजिनापाशी जायचं, ड्रायव्हरसोबत खायले. एवढी लंबी गाडी, खाली गिट्टी, वर ऊन. तिथी गेलं की कवा कवा तो म्हणे, बारापात्रे, माहं तर झालं."

ते थांबले. गोष्टीत ते कधी थांबत नाहीत.

"त्याची काही गलती नाही. पण मंग तो भरला डबा घेऊन वापस यायचं. ते वापस येणं मले अजून याद हाये सुषमा. जाताना गाडी एवढी लंबी नव्हती राहत." काकाजींनी संत्र्याची साल नीट गोळा केली. "तो घरून भरला डबा घेऊन आला होता. मी त्याले कसा वापस धाडू?"

मला रडू आलं, आणि मला लोकांसमोर रडायला आवडत नाही, म्हणून मी संत्रं आंबट आहे म्हणाले. काकू आतून म्हणाल्या, संत्रं गोड आहे, काल मी खाल्लंय.

धोटे काकाजींना त्या पाटोडीची किंमत मी सांगितलेली नाही, आणि कुणी सांगूही नये. गिरणीवाल्याला मात्र मी जाऊन जे सांगायचं ते सांगून आले. तो म्हणतो, मी तब्येतीला हलकं म्हटलं होतं. म्हणो.

त्या संध्याकाळी काकाजींनीच धोटे काकाजींना निरोप धाडला. पाटोडी फर्स्ट क्लास होती, पण दिवसा खाल्ली की झोप येते, रात्री आणत जा. रात्री निर्मलाले भाजी कराचा कंटाळा येते. डॉक्टरांचं म्हणणंही तेच होतं, डाळबिळ रात्री, तेव्हा फाटकाला हरकत नव्हती.

दिवेलागणीला लाल गमछा लागला. धोटे काकाजी डबा घेऊन जिन्याखाली येऊन थांबले. मी भाजी घेऊन येत होते.

"लाल हाये," ते मला म्हणाले. "जाऊ का?"

"जा," मी म्हटलं.

ते हळूहळू चढून गेले. मला राहवलं नाही, मी मागोमाग वर गेले. वर दार हातभर नव्हतं, पूर्ण उघडं होतं. आत दोघं पाटावर बसले होते. काकाजींचा चमचा तोंडापर्यंत जाईतो निम्मा रिकामा होत होता, रस्सा बनियनवर सांडला होता, आणि ते तसेच खात होते. धोटे काकाजींनी काही न बोलता वाटी त्यांच्या हनुवटीखाली आणून धरली.

"आज गाठी कमी हाये," काकाजी त्या बारीक आवाजात म्हणाले.

"बेसन चाळून घेतलं," धोटे काकाजी म्हणाले. आणि मग त्यांनी बेसन कसं चाळलं, ते किती वेळा चाळलं, शकुंतला काकू कोणती चाळणी वापरायच्या, ती कुठे सापडली, हे सगळं सांगायला सुरुवात केली. काकाजी ऐकत होते. त्या वेळी त्यांच्या तोंडून जास्त शब्द निघत नाहीत, आणि धोटे काकाजींना ते बरंच पडत असावं.

आता हे रोजचं झालं आहे. गोळी अजून चालते, डॉक्टर वेळा बदलत असतात, हिरवा गमछा थोडा कमी दिसतो. काकाजी आणि मी दुपारी सराव करतो. पुढच्या सव्वीस तारखेसाठी काकाजींनी आतापासून आखणी केली आहे आणि ती इतकी लांबलचक आहे की मी अर्ध्यातून उठून येते.

नवीन भाडेकरू आले की त्यांना मीच सांगते. हिरवा असला तर खुशाल वर जा, चहा मिळेल. लाल असला तर जरा थांबा, आधी धोटे काकाजींना जाऊ द्या.